बार झाल्यानंतर

सॅम्युअल बेकर या इंग्रज शिकाऱ्याचं ‘द रायफल अँड द हाउंड इन सिलोन’ हे पुस्तक १८५४ साली निघालं. नुवारा एलियाच्या थंड डोंगरात कुत्र्यांच्या टोळ्या घेऊन तो ‘एल्क’च्या मागे धावतो, ओढ्याच्या पाण्यात पाय रोवून उभ्या राहिलेल्या जनावराला शेवटी सुऱ्याने संपवतो. पुस्तक मराठीत आणायला घेणारा पहिल्याच प्रकरणात अडेल, कारण सिलोनमध्ये एल्क नाही आणि कधी नव्हता. अमेरिकेतला एल्क म्हणजे वापिटी, युरोपातला एल्क म्हणजे मूस, आणि सिलोनमधल्या गोऱ्या मळेवाल्यांचा एल्क म्हणजे आपलं सांबर. ज्या जनावराला रोज गोळी घालतो त्याचं नाव नीट विचारून घेण्याची गरज बेकरला वाटली नाही. त्याचं पुस्तक वाचताना हे डोक्यातून जात नाही.

नावाची ही गडबड लक्षात आल्यावर मी घरातलं शिकारसाहित्याचं कपाट पुन्हा एकदा चाळायला घेतलं, आणि या वेळी एकच प्रश्न समोर ठेवला. गोळी लागल्यानंतर हरीण काय करतं, आणि ते लेखकाने पाहिलेलं असतं का?

प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. शिकारकथा वाचणाऱ्याला बार होईपर्यंतचं सगळं पाठ असतं. मचाण, बांधलेलं टोणगं, चंद्र ढगाआड जाणं, लंगुरांचा खकार, मग पानांची कुजबुज, चापावर बोट. बहुतेक लेखक या भागात रमतात, कारण इथे वेळ लेखकाच्या हातात असतो. बार झाला की वेळ जनावराच्या हातात जातो. आणि नेमक्या त्या ठिकाणी मराठीतली, तशी इंग्रजीतलीही, शंभरातल्या नव्वद वर्णनं एका क्रियापदावर उरकतात: ‘कोसळलं’. फार तर ‘जागच्या जागी कोसळलं’.

हे क्रियापद बहुतेक वेळा खोटं असतं. मणका तुटला किंवा मेंदूत गोळी गेली तर जनावर जागच्या जागी पडतं, हे खरं. पण शिकारी सहसा खांद्यामागे, छातीचा नेम धरतो. तिथे गोळी बसली, अगदी काळजातून आरपार गेली, तरी मेंदूला दहा-पंधरा सेकंद पुरेल एवढा प्राणवायू रक्तात शिल्लक असतो. दोनशे-तीनशे किलोंचं सांबर तेवढ्या वेळात शंभर मीटर सहज पार करतं. काळजाला लागलेलं हरीण पुष्कळदा हवेत उसळतं, मागचे पाय झाडतं आणि सुसाट सुटतं. पाहणाऱ्याला वाटावं, याला काहीच झालेलं नाही. पोटात लागलेलं हरीण पाठ कमानीसारखी वर घेतं, मान खाली घालतं आणि कधीकधी धावतही नाही, चालत निघून जातं. ते मरायला काही तास लागतात. आणि सगळ्यात फसवं ते, जे बाराबरोबर धाडकन पडतं: गोळी मणक्याच्या वरच्या काट्याला नुसती चाटून गेलेली असते, धक्क्याने पाय गेलेले असतात, आणि शिकारी बंदूक झाडाला टेकवून सुरी काढीपर्यंत ते उठून रानात नाहीसं होतं.

उरतं ते रक्त. फिकं गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुफ्फुस. काळपट लाल असेल तर यकृत. त्यात हिरवट चोथा मिसळलेला असेल तर पोट, म्हणजे लांबचा आणि वाईट माग. जाणता शिकारी लगेच मागे जात नाही. मागे गेलं की जखमी जनावर बसल्या जागेवरून उठतं आणि आणखी दूर जातं. न गेलं तर ते पहिल्या आडोशाला बसतं आणि तिथेच संपतं. माझे एक मामा खानापूरकडचे. १९७२चा कायदा येण्यापूर्वीच्या दिवसांत त्यांच्याकडे एक जुनी ठासणीची बंदूक होती. त्यांचा नियम होता: बार झाला की आधी बसायचं, विडी ओढायची, बोलायचं नाही. ‘सांबर लागलं तरी दाखवत नाही’, असं ते म्हणत. या वाक्यात जेवढं निरीक्षण आहे तेवढं मला काही पुस्तकांच्या तीनशे पानांत सापडलेलं नाही.

म्हणून माझ्यापुरती शिकारकथेची कसोटी मी बदलून घेतली आहे. बारापर्यंतचा थरार मी आता भरभर वाचतो. बारानंतरची मिनिटं कशी लिहिली आहेत, ते पाहतो. ज्या लेखकाला तिथे खात्री असते त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

या कसोटीला उतरणारी दोन परकीय उदाहरणं योगायोगाने एकाच वर्षातली, १९३६ची आहेत. ऑर्वेलच्या ‘शूटिंग ॲन एलिफंट’मध्ये मौलमेनच्या गर्दीसमोर गोळी झाडली जाते तेव्हा हत्ती पडत नाही, हलतही नाही, पण त्याच्या अंगाची प्रत्येक रेषा बदलते आणि तो एका क्षणात अतिप्राचीन दिसू लागतो. पुढची सगळी पानं त्या न पडण्याविषयी आहेत. दुसऱ्या गोळीला तो उलट उठून उभा राहतो. अखेर पडल्यावरही मरत नाही, आणि गोळी घालणारा ते न बघवून निघून जातो. हा निबंध साम्राज्यशाहीवरचा म्हणून शिकवला जातो आणि ते बरोबरच आहे, पण त्याचा जोर येतो तो एका गोष्टीतून: ऑर्वेलने ‘कोसळला’ हा शब्द लांबणीवर टाकला. त्याच वर्षीच्या हेमिंग्वेच्या ‘फ्रान्सिस मॅकोंबर’मध्ये कुशीत गोळी बसलेला सिंह उंच गवतात शिरतो, आणि कथा काही वाक्यांपुरती थेट त्या सिंहाच्या आत जाते. मला हे धाडस वाटतं, आणि थोडी चलाखीही. सिंहाला काय वाटलं हे सांगून हेमिंग्वे वाचकाची बाहेर थांबण्याची अस्वस्थता काढून घेतो. माझा कल ऑर्वेलकडे आहे. तो हत्तीच्या आत शिरत नाही. आपल्याला आत जाता येत नाही, एवढंच तो लिहितो.

आपल्याकडची जुनी परंपरा या बाबतीत फार वेगळी आहे. आपल्या महाकाव्यांत बाण लागलेलं जनावर बोलतं. मारीच रामाचा बाण लागताच रामाच्याच आवाजात सीतेला आणि लक्ष्मणाला हाक मारतो. पंडूने विंधलेलं हरीण माणसाच्या वाणीने त्याला जाब विचारतं आणि शाप देतं. तो किंदम ऋषी असतो. दशरथ पाण्याच्या आवाजावर, हत्ती समजून बाण सोडतो आणि अंधारातून माणसाचं कण्हणं येतं. क्रौंचाच्या बाबतीत पक्षी बोलत नाही, तर पाहणाऱ्या कवीला वाचा फुटते. शाकुंतलाच्या पहिल्या अंकातलं हरीण तेवढं सुटतं, कारण तपस्वी मध्ये येतात आणि दुष्यंताचा बाण भात्यात परत जातो. बाण लागला की कोणीतरी बोललं पाहिजे, असा जणू या काव्यांचा दंडक आहे. शिकारसाहित्यात हा दंडक मोडतो. तिथे जनावर बोलत नाही, त्याचं अंग बोलतं, आणि ते वाचण्याची जबाबदारी ज्याने गोळी घातली त्याच्यावर येते. साक्षीदार आणि आरोपी एकच, अशी ही विचित्र साहित्यजात आहे.

आता बंगळूरकडे येतो. या शहराने भारतातल्या इंग्रजी शिकारसाहित्याला केनेथ अँडरसन दिला. १९१० ते १९७४ असं त्याचं आयुष्य, नोकरी इथल्या विमान कारखान्यात, आणि सुट्टीच्या दिवशी जुनी मोटार घेऊन जवळागिरी, देवरायनदुर्ग, सेगूर. १९५४ साली आलेल्या त्याच्या पहिल्याच पुस्तकात जालहळ्ळीवरचं एक प्रकरण आहे. आज तिथे मेट्रोचं स्टेशन आहे. चर्च स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अँडरसन अजून मिळतो. त्याच्या गोष्टींतलं किती खरं, हा वाद त्याच्या चाहत्यांतही चालू असतो. तो वाद मला सोडवता येणार नाही. पण बारानंतरच्या पानांची कसोटी लावली तर अँडरसन अनेकदा चांगला उतरतो. गोळी कुठे लागली असावी याचा अंदाज तो आधी देतो, मग सकाळी रक्त पाहून तो अंदाज स्वतःच मोडतो. थापा मारणारा सहसा स्वतःचा नेम चुकवत नाही.

पण ही काळजी तो वाघ-बिबळ्यांवर खर्च करतो. सांबर त्याच्या रानात जागोजाग आहे, मात्र आवाज म्हणून. अंधारात सांबराचा इशारा झाला म्हणजे वाघ निघाला. सांबर हे त्या रानातलं घड्याळ किंवा घंटा असतं. ते मरतं तेव्हा वाघाचं भक्ष्य म्हणून मरतं, किंवा शिदोरी म्हणून. कॉर्बेटचंही फारसं वेगळं नाही. दोघेही सहृदय लेखक आहेत, दोघांनीही पुढे बंदुकीपेक्षा कॅमेऱ्याची बाजू घेतली, त्यामुळे हा त्यांच्या स्वभावाचा दोष मानता येत नाही. दोष कथेच्या रचनेत आहे, आणि तो नीट पाहण्यासारखा आहे.

चंपावतची वाघीण १९०७ साली कॉर्बेटने मारली तेव्हा तिच्या नावावर ४३६ बळी होते. तिच्या जबड्याच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले होते. ते कुणाच्या तरी जुन्या गोळीने मोडले होते, आणि त्यामुळे तिला नेहमीचं भक्ष्य मारता येईना, असं कॉर्बेट सांगतो. अँडरसनही हेच कारण पुन्हा पुन्हा देतो: शेतातल्या ठासणीच्या बंदुकीची गोळी, गाडीरस्त्यावरून रात्री दिव्याच्या झोतात मारलेला बार, आणि मागावर न गेलेला शिकारी. म्हणजे नरभक्षकाची प्रत्येक कथा ही दुसऱ्या कुणीतरी अर्धवट टाकलेल्या कथेचा उत्तरार्ध असते. त्या पहिल्या शिकाऱ्याने क्लबात ‘लागला होता, नक्की लागला होता’ एवढंच सांगितलं असेल आणि विषय बदलला असेल. वाघाने मात्र विषय बदलू दिला नाही. तो परत आला, म्हणून पुस्तक झालं.

जखमी सांबर परत येत नाही. ते माणसं मारत नाही, गुरं उचलत नाही, बाजाराचा रस्ता बंद पाडत नाही. पोटात गोळी घेऊन ते तीन डोंगर ओलांडून कुठल्यातरी ओढ्यात बसतं आणि त्याचं पुढे काय झालं हे रानकुत्र्यांनाच कळतं. त्याच्या जखमेतून कथानक तयार होत नाही. कथानक नाही म्हणून साहित्य नाही, आणि साहित्य नाही म्हणून ‘कोसळलं’ हा शब्द बिनबोभाट चालतो. या देशात जेवढे वाघ मारले गेले त्याच्या कितीतरी पट हरणांवर गोळ्या झाडल्या गेल्या असणार. आपल्या कपाटातल्या पुस्तकांचं प्रमाण नेमकं उलटं आहे.

पूर्णचंद्र तेजस्वींनी अँडरसन कन्नडमध्ये आणला. ‘काडिन कथेगळु’ या नावाने आलेल्या त्या चार भागांवर कर्नाटकातल्या वाचकांच्या दोन पिढ्या पोसल्या. तेजस्वी मूडिगेरेच्या कॉफीच्या मळ्यात राहणारे, स्वतः बंदूक, गळ आणि कॅमेरा तिन्ही हाताळलेले. त्यांचा अनुवाद मोकळा आहे, आणि तो मोकळेपणा सगळीकडे मला पटतो असं नाही. पण शीर्षकं पाहा. अँडरसनचा ‘किलर ऑफ जालहळ्ळी’ त्यांच्याकडे ‘जालहळ्ळिय कुर्क’ होतो. कुर्क म्हणजे मलेनाडच्या बोलीत बिबळ्या. इंग्रजी शीर्षकाने निकाल दिला होता. कन्नड शीर्षकाने जनावराला त्याचं गावाकडचं नाव परत दिलं. बेकरच्या एल्कनंतर मला याचं विशेष अप्रूप वाटलं.

मलेनाडच्या कन्नडमध्ये बंदुकीच्या बाराला ‘ईडु’ म्हणतात. त्याच घरातलं ‘ईडागु’ हे क्रियापद आज वर्तमानपत्रात रोज भेटतं: एखादा मंत्री टीकेला ‘ईडाग’तो, म्हणजे टीकेच्या तोंडी सापडतो. लागणाऱ्याच्या बाजूने बघणारं हे क्रियापद आहे. मराठीतही अशी सोय आहे आणि आपले अनुवादक ती वापरत नाहीत. इंग्रजीत शिकारी कर्ता असतो, जनावर कर्म. वाक्य त्याच्या बंदुकीच्या मागून पाहतं. त्याचं सरळ मराठी होतं ‘मी सांबराला गोळी घातली’. पण मराठीत आणखी एक रचना आहे, ‘सांबराला गोळी लागली’. इथे शिकारी वाक्यातून निघून जातो, आणि सांबर ज्या विभक्तीत उभं राहतं तीच विभक्ती आपण भूक लागली, तहान लागली, ठेच लागली यांना वापरतो. म्हणजे मराठी व्याकरण गोळीला अनुभवांच्या रांगेत बसवतं. अर्थात ही रचना पळवाटही होऊ शकते: गोळी आपोआप लागली, मी कुठे काय केलं! चांगल्या अनुवादकाला या दोन वाक्यांतली निवड दर वेळी नव्याने करावी लागेल. बार करताना ‘घातली’, आणि त्यानंतर लगेच ‘लागली’, असा क्रम मला योग्य वाटतो. मराठीत वाचलेल्या शिकारकथांच्या अनुवादांत हा फरक जाणीवपूर्वक पाळलेला मला क्वचितच दिसला.

मराठीचं स्वतःचं काय? आपल्याकडे या विषयाचा सर्वांत अधिकारी लेखक व्यंकटेश माडगूळकर. शिकारीचा नाद असलेला हा माणूस पुढे बंदूक ठेवून दुर्बीण आणि रेखाटनवही घेऊन रानात बसला. ‘नागझिरा’ हे त्या बसण्याचं पुस्तक आहे. ‘सत्तांतर’मध्ये तर माणूस जवळजवळ नाहीसाच होतो आणि वानरांच्या टोळ्या आपापलं राजकारण करतात, त्या पुस्तकाला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून वेगळ्या वाटेने येऊन रानाची सबंध शब्दसंपत्ती मराठीत आणली. या दोघांमुळे मराठी निसर्गलेखन श्रीमंत झालं यात शंका नाही. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती तक्रार म्हणावी इतकी ठाम नाही. मराठी गद्य थरारातून थेट निरीक्षणात गेलं. एका काठावर ‘कोसळलं’, दुसऱ्या काठावर दुर्बीण. मधला ओढा, जिथे लागलेलं जनावर बसलेलं असतं, तो आपण ओलांडला पण त्यात उतरलो नाही. ज्याने गोळी घातली आणि पुढे सोडून दिली, त्या माणसाने ती मधली मिनिटं लिहिलेली मला वाचायला हवी होती. बंदूक खाली ठेवण्याविषयी आपल्याकडे गौरवाने बोललं जातं. ती खाली ठेवण्याआधीच्या शेवटच्या बाराविषयी, विशेषतः तो वाघावरचा नसेल तर, कोणी फारसं बोलत नाही.

आता शिकार कायद्याने बंद आहे, मग ही पानं कशाला हवीत, असं कुणी म्हणेल. शिकारकथा मात्र बंद झालेल्या नाहीत. त्यांची नवी भाषांतरं निघतात, मुलांना वाढदिवसाला दिली जातात. माझ्याही घरात दिली गेली. त्या वाचून वाढणाऱ्या मुलाला वाटतं की गोळी म्हणजे एक टिंब, आणि टिंबानंतर वाक्य संपतं. अमेरिकेत एल्क मारणारा माणूस आजही संध्याकाळभर रक्ताचे थेंब शोधत फिरतो. तिथे ही शिकार परवान्याने चालते, आणि लागलेलं जनावर शोधण्याची जबाबदारी मारणाऱ्यावर आहे असं तिथले शिकारी स्वतःच मानतात. आपल्याकडे शिकार गेली आणि ती जबाबदारी कधी लिहिलीच न जाता तिच्याबरोबर गेली.

मामांकडे मी लहानपणी अनेक गोष्टी ऐकल्या. त्यांतली एक जांबोटीच्या वरच्या अंगाच्या रानातली, पावसाळा संपतानाची. मोठा नर, पहाटेची वेळ, बार झाला, आणि सांबराने काहीच दाखवलं नाही. मामा बसले, विडी ओढली, मग खाली उतरले. पानावर रक्त होतं, ‘काळं’, असं ते म्हणाले. दुपारपर्यंत माग काढला, मग पाऊस आला. इथपर्यंत सांगून ते थांबायचे आणि म्हणायचे, ‘गेलं.’ हा शब्द मराठीत दोन्ही अर्थांनी चालतो, निसटून गेलं आणि मेलं. आमच्या शेजारच्या कन्नड घरात ‘होयितु’ म्हणतात, तोही तसाच दुहेरी आहे. इंग्रजीत ही गोष्ट सांगायची तर दोहोंतलं एक निवडावं लागेल. मी ती एकदा इंग्रजीत लिहून पाहिली होती, आणि त्या शेवटच्या शब्दापाशी येऊन सोडून दिली. मामांना विचारता आलं असतं. तेव्हा सुचलं नाही.